जावईबापूंच्या पाठीवरचा बिबा

"सदरा वर करा," जमादार म्हणाला.

श्रीपतनं सदरा वर केला नाही, काढला. आधी गळ्याचं बटण, मग त्याखालचं, मग एकेक बाही, असा सावकाश, फोटोवाल्यासमोर उभं राहिल्यासारखा. काढलेला सदरा त्यानं न बघताच बाजूला धरला आणि पुंजाजीनं तो छातीशी घेतला. पुंजाजी हा त्याचा कायमचा सोबती. त्याच्या मागं चालायचं, त्याच्या वाक्याचा शेवट पुन्हा म्हणायचा आणि त्याचा चहा पिऊन झाला की बशीत उरलेला आपण प्यायचा, एवढंच पुंजाजीचं आयुष्यातलं काम. मग श्रीपत वळला आणि ठाण्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाठ धरून उभा राहिला.

पाठीवर तीन वळ होते. तिन्ही आखल्यासारखे सरळ, काळपट तांबडे आणि चकाकणारे.

"बैल हाकायच्या काठीनं मारलं," श्रीपत भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "सख्ख्या मेव्हण्यानं. नात्याचासुद्धा विचार केला नाही."

"विचार केला नाही," पुंजाजी म्हणाला.

बाकावर बसलेले माझे मालक ते वळ बघून रडायला लागले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. जावईबापूंना एवढं कुणी मारलं असेल, असा त्यांचा चेहरा झाला होता. मारणारा म्हणून आपलंच नाव घेतलं आहे, हे अजून त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आणि मी हसले. पदर तोंडाला लावून नाही, चांगली मोठ्यानं हसले. व्हरांड्यात तंबाखू मळणारा शिपाई आत डोकावून गेला.

श्रीपत माझा नंदोई. मालकांच्या धाकट्या बहिणीचा, गिरजेचा नवरा. जिवंत होता तोवर 'श्रीपतराव' म्हणावं लागलं, कारण घरचा जावई. आता तो नाही, त्यामुळं राव लावायची सक्तीही उरली नाही.

"बाई, हसता काय?" जमादार वैतागला. "तुमच्या माणसावर गुन्हा दाखल होतोय."

"माह्या माणसावर?" मी म्हटलं. "साहेब, त्यांच्याकडं एकदा नीट पाहा. ताटातली माशी हाकलतानी तिले लागन म्हणून फुंकर मारणारा हा माणूस. बैलाले काठी लावत नाईत म्हणून आमचा पेरा दरसाल साऱ्या गावाच्या मागं ऱ्हायते. हे जावयाले मारतीन?"

"साक्षीदार आहे," श्रीपत म्हणाला.

"आहे," पुंजाजी म्हणाला.

"आन हे वळ काठीचे नाईतच. हा बिबा हाय."

श्रीपतच्या पाठीचं कातडं थरथरलं. घोड्यावर गोमाशी बसली की थरथरतं तसं.

जमादार नगरकडचा, नुकताच बदलून आलेला. "बिबा?" तो म्हणाला. "लिंबू-मिरचीबरोबर दाराला टांगतात तो?"

मला त्याचा राग आला नाही. ज्यानं जंगल बघितलं नाही त्याला बिबा दारालाच टांगलेला दिसणार. माझं माहेर मालेगावच्या पुढं, जंगलाच्या कडेला. आता वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा अकोला होता. तिथं बिब्याची झाडं कुणी लावत नाही, ती असतातच. पान हाताच्या पंजाहून मोठं. हिवाळ्यात फळ धरतं, वर केशरी बोंड आणि बोंडाच्या टोकाला काळं कुळकुळीत बी. बोंडं वाळवून आम्ही पोरी ओटीत भरून खात हिंडायचो. बी फोडून आतली गोडांबी काढायची, हे गल्लीतल्या सगळ्या बायांचं काम. बाळंतिणीच्या लाडवात पडते ती हीच गोडांबी. पण बियाच्या टरफलात तेल असतं, आणि ते तेल म्हणजे विस्तव. टाचेला भेग पडली, काटा आत मोडला, गुडघा धरला, की सुईला बिबा टोचून दिव्यावर धरायचा आणि गळेल तो थेंब नेमका दुखऱ्या जागी लावायचा. तेवढ्यापुरता तो औषध. जास्त झाला, ओघळला, की 'बिबा उतला' म्हणायचं. आधी खाज, मग फोड, मग सूज. खाजवलेलं बोट जिथं लागेल तिथं पुन्हा तेच. माझ्या आईचे हात कोपरापर्यंत त्या तेलानं काळे पडलेले होते. बिब्याचा डाग मला माझ्या कपाळावरच्या कुंकवासारखा ओळखू येतो.

हे सगळं मी जमादाराला सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "असेल बाई. पण मी डॉक्टर नाही आणि तुम्हीही नाही. सरकारी डॉक्टर आज शिबिराला गेलेत, उद्या येतील, पाठ बघतील. तोवर तुमचे दौलतराव इथं बसतील."

त्याचं काही चुकलं नव्हतं. समोर वळ होते, साक्षीदार होता, आणि आरोपी मुळुमुळु रडत होता. रडणारा माणूस गुन्हेगारच दिसतो.

हे सगळं कशासाठी चाललं होतं तेही सांगते. माझी निर्मला तेव्हा वाशीमला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आठवड्यामागं श्रीपत आमच्याकडं आला. मालकांनी रीतीप्रमाणं त्याच्या पायावर पाणी घातलं. तो बैठकीवर टेकला, चहा प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "निर्मला आमच्या अरविंदला करायचं ठरवलं आहे मी."

"कोणी ठरवलं?" मी आतून विचारलं.

"मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा हक्क असतो, वहिनी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

आता हा अरविंद कोण? श्रीपतनं एकदा पंचायत समिती जिंकली होती, दुसऱ्यांदा हरला, आणि तेव्हापासून कांजी केलेले कपडे घालून तालुक्याला नुसतं हिंडून यायचा. तसाच त्याचा पोरगा. बापाकडं निदान कांजी तरी होती. अरविंद पानठेल्यावर उभा राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्या पोरींवर शिट्ट्या मारायचा आणि घरी आला की भाजीत मीठ कमी म्हणून आईच्या अंगावर ताट भिरकावायचा. गिरजेच्या भुवईवर ताटाच्या काठाची खूण होती. विचारलं की चौकट लागली म्हणायची.

मी बाहेर आले. मालक नजरेनंच मला गप्प राहा म्हणत होते. त्यांची ती नजर मला पाठ होती. लग्न झाल्यापासून ती मी रोज बघत आले आणि रोज दुर्लक्ष करत आले.

"श्रीपतराव," मी म्हटलं, "माह्या पोरीले शिकवायला पोरं भेटणार हायत शाळेत. घरी अजून एक कशाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे अरविंदले आधी जेवल्याचं ताट उचलून ठेवता येते का ते पाहा. फेकता तं येतेच म्हणतात."

श्रीपत उठला. ज्या पायांवर मालकांनी पाणी घातलं होतं ते पाय आमच्याच उंबऱ्यावर आपटून तो म्हणाला, "जावयाला नाही म्हणालात. लक्षात ठेवीन."

त्यानं लक्षात ठेवलं. माझ्याशी भांडायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं घरातला मऊ माणूस निवडला. अशी माणसं भिंत बघून डोकं आपटत नाहीत, गादी शोधतात.

तर ठाण्यातून मी बाहेर आले. मागोमाग श्रीपतही सदरा घालत आला. कडुलिंबाखाली मला गाठून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, घरातली गोष्ट घरात मिटते. या महिन्यात साखरपुडा उरका. मी आत जाऊन सांगतो, गैरसमज झाला."

"झाला," पुंजाजी म्हणाला. सदरा सांभाळून सांभाळून त्याच्या हाताला घाम आला असावा, तो धोतराला तळवे पुसत होता.

मी परत आत जाऊन मालकांना ते सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस पेटेल. मालकांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "देवका, देऊन टाकू काय पोरगी? जावईबापू नाराज झाले हायत. आपलंच माणूस हाय."

माझं लग्न झालं तेव्हापासून मी या माणसाची कीव केली, काळजी केली, त्यांना जीवही लावला. पण त्या बाकापाशी उभी असताना मला त्यांच्याकडं बघवेना. पोटच्या पोरीला त्या घरात लोटायला निघालेला हा बाप, आणि तेही कुणाला राग येऊ नये म्हणून. "तुम्ही फक्त बसा," मी म्हटलं. "बोलू नका. उद्या दुपारपर्यंत तोंड बंद ठेवता आलं तं माह्यावर उपकार होतीन."

बाहेर ओट्याच्या कडेला गिरजा उभी होती. नवऱ्याचा डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, डोईवर पदर, मान खाली. ती तशीच उभी राहायची, कुठंही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तो मारायचा, ती पाणी द्यायची. पोरगा ताट फेकायचा, ती वेचायची. मी पुष्कळदा तिला म्हटलं होतं, अगं, दोन दिवस माहेरी येऊन राहा, चूल पेटली नाही की समजेल त्याला. ती म्हणायची, "त्याईच्या जेवणाची आबाळ होईन वहिनी." पुढंपुढं मी म्हणणंही सोडून दिलं. पायपुसण्याला काय सांगायचं?

पण त्या दिवशी माझा जीव जळत होता तो वेगळ्याच कारणानं. चारच दिवसांमागं गिरजा माझ्याकडं आली होती. "वहिनी, टाचा फार फुटल्या, चालवत नाई. दोन-चार बिबे द्या तुमच्याकडचे." माझ्या माहेरचे बिबे माझ्या फळीवर कायम असायचे. मी मूठभर दिले, कसे लावायचे ते सांगितलं, आधी आजूबाजूला खोबरेल चोळ म्हणून बजावलं. ती नेहमीसारखी मान खाली घालून ऐकत राहिली.

म्हणजे माझेच बिबे. माझ्या घरचे बिबे नेऊन या बाईनं आपल्या सख्ख्या भावाला ठाण्यात बसवलं होतं.

तिच्यापाशी जाऊन मी थांबले. "काय गिरजाबाई," मी म्हटलं, "टाचा बऱ्या झाल्या का?"

तिनं मान वर केली नाही. "हाव वहिनी," म्हणाली. "बऱ्या झाल्या."

मी थुंकले. तिच्यावर नाही, बाजूला. पण तिला दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायचीही वाट बघावी लागली नाही. मी सकाळी भाकरी थापत होते तर गिरजा दारात. दोन गावांमधली नदी उतरून आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"वहिनी, चला. त्याईचं तोंड ओळखू येत नाई."

मी भाकरी उलटली. "डॉक्टरकडं न्या."

"जात नाईत. डॉक्टर इचारतीन काय लावलं म्हणून. म्हणतात, देवीचं हाय, लिंबाच्या पाल्यानं उतरन."

"मग उतरू दे."

"रात्रभर खाजवून राह्यले. डोळे मिटले. ओठ असे झाले," तिनं मनगट दाखवलं. "वहिनी, तुमच्याबिगर कोणाले समजत नाई ते."

शेवटली भाकरी भाजून होईपर्यंत मी तिला उभीच ठेवली. मग फळीवरून सुकं खोबरं आणि तीळ काढून पदरात घेतले. दया आली म्हणून नाही. मला माझा नवरा परत हवा होता, आणि श्रीपत मेला असता तर तो कधीच परत आला नसता.

वाटेत त्यांच्या गावच्या पोलीस पाटलांना, मारोतरावांना, बरोबर घेतलं. म्हातारा खमक्या होता. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "पाटील, तुम्ही फक्त खाटेपाशी उभे ऱ्हा आन ऐका."

श्रीपतच्या दारात रोज सकाळी भरणारा दरबार त्या दिवशी भरला नव्हता. कुणीतरी 'देवी' म्हटल्यावर सगळे पांगले होते. एकटा पुंजाजी अंगणात बसला होता, तोही दोन्ही तळवे जमिनीवर घासत. सदरा सांभाळला होता ना त्यानं, छातीशी धरून. त्याच्या बोटाबोटांत फोड आले होते, मानेपर्यंत चट्टे उठले होते. आयुष्यात पहिल्यांदाच श्रीपतच्या ताटातलं त्याला पुरेपूर वाटून मिळालं होतं.

आत खाटेवर श्रीपत होता. तो श्रीपत आहे हे मिशांवरून ओळखायचं. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा सुटलेला, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. पाठ तर बघवत नव्हती, तिन्ही वळांचे फोड एकमेकांत मिसळून पाणी गळत होतं. अंगावर लिंबाचा पाला पसरलेला. हातात मक्याचं रिकामं कणीस, आणि त्यानं तो कुठंकुठं खाजवत होता ते मी सांगणार नाही. रात्री उठून लघवीला गेला असेल, तेव्हाही हात तेच होते, एवढंच सांगते.

"कोण?" तो म्हणाला. ओठ जाड झाल्यामुळं शब्द भिजल्यासारखे येत होते.

"मी. देवका."

"देवी आली आहे माझ्या अंगात. लांब व्हा."

"देवीले का दुसरं घर भेटलं नाई?" मी खाटेसमोर पाट घेऊन बसले. खोबऱ्याची वाटी काढली, विळीवर एक काप केला आणि खाल्ला. "बोला. काय लावलं?"

"काही नाही."

"बरं." मी दुसरा काप केला. तोही खाल्ला.

मारोतराव काठीवर हनुवटी टेकून उभे होते. म्हणाले, "श्रीपतराव, बाई उतार घेऊन आली हाय. सांगून टाका."

"मला मारलं. दौलतनं. काठीनं."

"काठीनं ओठ सुजत नाईत," मी म्हटलं. "तोंडावर मारलं का त्याईनं? आन धोतरात?"

श्रीपतनं तोंड भिंतीकडं वळवलं. कणीस मात्र थांबत नव्हतं. घरात दुसरा आवाजच नव्हता, नुसती ती खरखर. मी तीळ पदरात निवडत बसले. मला घाई नव्हती. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. ज्या तोंडानं हा माणूस माझ्या बैठकीवर बसून माझ्या पोरीचं ठरवून टाकत होता ते तोंड आता त्यालाच उघडता येत नव्हतं.

"वहिनी," थोड्या वेळानं तो म्हणाला, "लावा काहीतरी."

"कशावर? देवीवर खोबरं चालत नाई."

"वहिनी..."

"बिब्यावर चालते."

खरखर थांबली. पुन्हा सुरू झाली. मग एकाएकी त्यानं कणीस भिंतीवर फेकलं आणि तालुक्यात वापरायची ती सगळी शुद्ध भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली. "बिबा हाय! बिबा हाय वं! मले कोणी मारलं नाई! दौलतनं हात बी नाई लावला! आता तं लाव माय, मी मरून राह्यलो!"

"पुन्हा एकदा," मारोतराव म्हणाले. "बाहेर पुंजाजीले ऐकू गेलं पायजे. त्याची बी साक्ष हाय नं."

त्यानं पुन्हा म्हटलं. अंगणातून पुंजाजीचा आवाज आला, "हात बी नाई लावला."

"आन तिनं लावला हा बिबा!" श्रीपतनं दाराकडं बोट केलं. तिथं गिरजा उभी होती. त्याला दिसत नव्हतं, पण ती तिथंच असणार हे त्याला माहीत होतं. "मी म्हटलं हलका लाव, डाग पाह्यजे फक्त. या बैताडीले काई समजत नाई. एक काम धड येत नाई इले!"

गिरजा नेहमीसारखी मान खाली घालून उभी होती.

पुढचं भराभर झालं, ते आधी सांगून टाकते. मारोतरावांनी जीप मागवली आणि स्वतः ठाण्यात गेले. श्रीपतला त्याच जीपनं सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सुई टोचली, पाठ बघितली आणि काय लावलं ते त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून कागदावर उतरवून घेतलं. माझे मालक दुपारी घरी आले. जेवले आणि पहिलं वाक्य बोलले, "जावईबापूले फार तरास झाला म्हणतात." मी त्यांना दही वाढलं. काही माणसं अशीच असतात, त्यांना ओट्यावरच्या तुळशीसारखं जपायचं, त्यांच्याकडून सावलीची आशा धरायची नाही. निर्मला शिकली, मास्तरीण झाली, तिच्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. श्रीपतच्या तोंडाची सूज उतरली, पण पाठीवरचे आणि मानेवरचे काळे डाग गेले नाहीत. त्यानंतर तो दोनदा निवडणुकीला उभा राहिला आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याला त्याच्या नावानं हाक मारली नाही. बिबेराव म्हणत. सभेत मागून कुणीतरी नुसतं "खाजवून देऊ काय?" म्हटलं की भाषण संपायचं. अरविंदला कुठून तरी बायको मिळाली आणि ती त्याच्याहून भारी निघाली, हेही झालं. आमच्या उंबऱ्यावर श्रीपत पुन्हा कधी आला नाही. शेवटी गेला तेव्हा मालक रडले. मी नाही.

पण जीप यायच्या आधी, आम्ही दोघी आत चुलीपाशी होतो तेव्हाचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गिरजेनं तसं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोन वर्षांमागं तीही गेली, म्हणून सांगते.

मी पाट्यावर खोबरं आणि तीळ वाटत होते. ती समोर बसून पाणी घालत होती. माझा राग अजून गेला नव्हता. "भावाले ठाण्यात बसवतानी हात कापला नाई तुहा?" मी विचारलं. "तो रडत होता बाकावर."

"माहीत हाय," ती म्हणाली.

तिचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा पहिल्यांदा मी ते नीट बघितले. गोरे, स्वच्छ, एक फोड नाही. नखांच्या कडेला खोबरेल तेलाची चमक तेवढी होती. तीन वळ भरतील एवढं तेल जिनं काढलं, लावलं, तिच्या बोटाला डाग नाही. माझ्या आईला जन्मात जमलं नाही ते.

मी वरवंटा थांबवला. "गिरजे, तुले समजते बिबा."

"तुम्हीच सांगतलं होतं नं, आधी खोबरेल चोळ." ती हळूच म्हणाली, बाहेर ऐकू जाऊ नये असं. "पुंजाजीच्या हातून लावून घेत होते ते. पुंजाजीनं हलका लावला असता, डाग उठला असता, आन दादा आत गेला असता. म्हणून मीच म्हटलं, मी लावते, माह्या वहिनीच्या माहेरची चीज हाय, मले येते."

"आन माह्याकडूनच नेले..."

"दुसरीकडून नेले असते तं तुमच्या ध्यानात आलं असतं, पण काल आलं तसं पक्कं आलं नसतं. तुम्ही ठाण्यात हासल्या तवा माह्या जीवात जीव आला."

मी तिच्याकडं बघत राहिले. मी आदल्या दिवशी थुंकले होते ते तिला दिसलं होतं, आणि ती "हाव वहिनी, बऱ्या झाल्या" म्हणाली होती.

"पाठीचं समजलं," मी म्हटलं. "पण तोंड? एका रात्रीत एवढं कसं सुजलं तोंड?"

गिरजेनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तेल उरलं होतं थोडं," ती म्हणाली. "फेकायचं कुठं? त्याईच्या टॉवेलले पुसलं."

मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून मी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती हसली नाही. ती सरळ बघत होती, चुलीतल्या निखाऱ्याकडं. "निर्मला या घरात आली असती," ती म्हणाली, "तं मी तिच्या ताटासमोर कोणत्या तोंडानं बसली असती, वहिनी? मी आली ते आली. अजून एक नाई येऊ द्यायची होती मले."

बाहेरून श्रीपतचा आवाज आला. "कुठं मेल्या? आणा लवकर!"

मी वाटलेला गोळा वाटीत काढला. "हे जाड लाव," मी सांगितलं, "सुकू देऊ नको. दवाखान्यातून आल्यावरही लावायचं. रोज लावलं तं लवकर उतरते."

"आन दिवसाआड लावलं तं?"

"तं महिना खाते."

गिरजेनं वाटी घेतली, पदर डोईवर नीट ओढला आणि उठली.

"मग दिवसाआड लावते," ती म्हणाली.